ठाणावरचा घोडा आणि त्याचा दिवस

गोदावरी महाराष्ट्राची हद्द ओलांडून तेलंगणात शिरते त्या टप्प्यावर, नदीच्या काठाला, ज्ञानसरस्वतीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले बासर वसले आहे. २०१६ पर्यंत आदिलाबाद आणि त्यानंतर निर्मल जिल्ह्यात मोडणारे हे क्षेत्र, शेजारची मुधोळ-भैंसा ही गावे आणि पलीकडचा धर्माबाद-नांदेडचा पट्टा १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषा येथे एकाच ओसरीवर बोलल्या जातात, आणि काळी जमीन, ज्वारीचा कडबा व चाळिशी ओलांडणारा उन्हाळा हेही हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखेच आहे. या परिसराला घोड्यांचा जवळचा मोठा बाजार म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगाव. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षाच्या अखेरीस तेथे खंडोबाची यात्रा भरते, आणि ज्याचे वाहनच घोडा आहे अशा देवाच्या दारात घोडे, गाढवे आणि उंट यांची खरेदी-विक्री चालते. त्याच महिन्याच्या पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या निमित्ताने, तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा आणखी मोठा बाजार भरतो. खुद्द नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या तबेल्यात घोडे परंपरेने सांभाळले जातात, गुरू गोविंदसिंगांच्या घोड्याशी त्यांच्या वंशाचे नाते श्रद्धेने जोडले जाते, आणि शिखांच्या हल्लाबोल मिरवणुकीत त्यांना मानाचे स्थान असते.

मान असा टिकून असला, तरी घोड्यांची संख्या मात्र झपाट्याने घटत आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे आणि तट्टे होती. २०१९ च्या गणनेत ती ३ लाख ४० हजारांच्या आसपास उरली. टांगा गेला आणि ओझी वाहण्याचे काम टेंपोकडे गेले, तेव्हा घोडा मुख्यतः वरातीसाठी, यात्रेसाठी आणि हौसेसाठी पाळला जाऊ लागला. काम कमी झाल्यामुळे घोड्याचे हाल कमी झाले असतील असे वरवर वाटते, परंतु कामाबरोबर त्याचे चालणे संपले, आणि घोडा राखण्याची विद्या ज्यांच्या हातात होती ते घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार, नाल ठोकणारे नालबंद आणि सालोत्री म्हणजे घोड्यांचे वैद्य हेही गावांतून दिसेनासे झाले. उरला तो ठाणबंद घोडा, म्हणजे दिवसाचे वीस-बावीस तास ठाणावर बांधलेला, दोन वेळा भरपूर चंदी म्हणजे दाणा खाणारा, अंगाने चकचकीत आणि आतून कष्टी असलेला घोडा. त्याच्या या कष्टाची कारणे शोधून घोड्याच्या शरीराला व स्वभावाला मानवेल अशा रीतीने त्याला ठेवण्याच्या पद्धतीला गेल्या तीन-चार दशकांत निसर्गानुकूल अश्वपालन असे नाव मिळाले आहे. पद्धतीचे नाव पाश्चात्त्य असले, तरी तिच्यातील बराच भाग या मातीला जुनाच आहे, आणि आजच्या ठाणबंद घोड्याला त्याचीच सर्वाधिक गरज आहे.

या पद्धतीचा पाया घोड्याच्या पोटात आहे. गाय किंवा म्हैस घाईघाईने चरून घेते आणि मग सावलीत बसून रवंथ करते. घोड्याला रवंथ करता येत नाही, आणि त्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने फारच लहान, साधारणपणे आठ ते पंधरा लिटरांचे असते. ते थोडे थोडे आणि सतत भरत राहावे अशीच त्याची घडण आहे. मोकळ्या रानातला घोडा दिवसरात्र मिळून सोळा-सोळा तास चरत असतो, चार पावले टाकतो, दोन घास घेतो आणि पुन्हा चार पावले टाकतो. माणसाच्या जठरात अन्नाची चाहूल लागली की आम्ल पाझरू लागते, पण घोड्याच्या जठरात ते अखंड पाझरत असते, आणि त्या आम्लाचा जोर मोडणारी लाळ मात्र घोडा चघळत असतानाच सुटते. म्हणून सकाळी सात वाजता चंदी चढवून संध्याकाळी सात वाजेपर्यंत रिकाम्या तोंडाने उभ्या केलेल्या घोड्याचे जठर दुपारभर स्वतःच्याच आम्लात भिजत राहते आणि त्याच्या अस्तराला व्रण पडतात. असा घोडा खाताखाता मध्येच थांबतो, तंग आवळताना कान मागे टाकून चावायला येतो आणि अंगाने खंगत जातो. धनी त्याला हट्टी ठरवतो आणि चंदी आणखी वाढवतो.

चंदी वाढवण्याने दुसरा, अधिक गंभीर धोका ओढवतो. गवतातील काष्ठमय भाग घोडा पचवतो तो जठरात नव्हे, तर लहान आतड्याच्या शेवटी असलेल्या उंडुक नावाच्या मोठ्या पिशवीत आणि तिच्या पुढच्या मोठ्या आतड्यात, जेथे अब्जावधी सूक्ष्म जीव तो आंबवून त्यातून ऊर्जा मोकळी करतात. एका वेळी फार धान्य पोटात गेले, तर ते लहान आतड्यात पुरते न पचता या आंबवणीच्या जागी जाऊन पोहोचते, तेथील जिवाणूंचा तोल ढळतो, वायू आणि आम्ल साठते आणि पोटशूळ उठतो. घोड्याला ओकारी येत नाही, त्यामुळे जे आत गेले ते परत बाहेर काढण्याचा मार्ग त्याच्याकडे नसतो. तो पोटाकडे वळून पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, घाम फुटून खाली पडतो आणि गडाबडा लोळतो. या संकटातून वाचलेल्या कित्येक घोड्यांना काही दिवसांत खुरांच्या आतील नाजूक पडद्यांचा दाह होतो आणि ते कायमचे लंगडे होतात. हरभरा घोड्याला शक्ती देतो ही समजूत खोटी नाही, आणि भिजवलेला हरभरा खिलवण्याची दख्खनची रीत शतकानुशतके चालत आली आहे. परंतु ती रीत रोज वीस-तीस मैल दौड करणाऱ्या घोड्यासाठी होती, वर्षातून पंधरा वराती करणाऱ्या घोड्यासाठी नव्हे.

वैरणीचे मोल मराठी फौजांना चांगले ठाऊक होते. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ दलवटण्याला छावणी करून असलेल्या जुमलेदारांना लिहिलेले पत्र इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणा-वैरण आताच बेहिशेब उडवले तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि शिपाई कुणब्यांना छळू लागतील, शिवाय दिवे आणि चुली बेफिकिरीने ठेवल्या तर गवताच्या गंजीला आग लागून सारी पागा बुडेल, असा तपशीलवार इशारा त्यात दिलेला आहे. राजाने गंजीतल्या गवताचा इतका बारीक विचार करावा यातच घोडा गवतावर जगतो, दाण्यावर नाही, हे व्यवहारातून आलेले ज्ञान दिसते.

बासर-नांदेडच्या पट्ट्यात हा हिशेब ज्वारीच्या कडब्याच्या भाषेत मांडावा लागतो. घोड्याला त्याच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास सुकी वैरण रोज लागते. म्हणजे तीनशे किलोच्या तट्टाला सुमारे सहा किलो. किलोभर सुके गवत चघळायला घोड्याला चाळीस मिनिटे लागतात आणि तेवढाच दाणा तो दहा मिनिटांत संपवतो, हा एकच आकडा ध्यानात ठेवला तरी दावणीत काय टाकावे ते ठरवता येते. कडबा फार बारीक कुट्टी करून घातल्यास घोडा तो भराभर गिळतो आणि चघळण्याचा लाभ हातचा जातो. त्याऐवजी लांबट तुकडे करून, झटकून, धूळ बसेल इतके पाणी शिंपडून, बारीक छिद्रांच्या सुती जाळीत भरून ठेवले तर तो ओढून ओढून, तासन्‌तास खातो. कडब्याला जोड म्हणून पवना, मारवेल अशी रानगवते वाळवून ठेवावीत. हिरव्या ज्वारीच्या शेतात मात्र घोडा सोडू नये: पाण्याच्या ताणावरील कोवळ्या ज्वारीत सायनाइडचे विष असते हे गुरे राखणाऱ्यांना माहीत आहे, पण हिरव्या ज्वारीवर दीर्घकाळ चरणाऱ्या घोड्याला मूत्राशयाचा दाह होतो आणि त्याचे मागचे पाय लटपटू लागतात, हे फार थोड्यांच्या ऐकण्यात असते. दाणा द्यायचाच असेल तर एका वेळी किलोभराच्या आत, आधी वैरण आणि मग दाणा या क्रमाने द्यावा. दावणीत खडेमीठ असावे.

नदीकाठच्या गावांसाठी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. श्रीरामसागर जलाशयाचे पाणी उन्हाळ्याकडे ओसरू लागले की काठची गाळाची आणि वाळूची जमीन उघडी पडते, तिच्यावर आखूड, कोवळे गवत उगवते आणि जनावरांना ते फुकटचे कुरण होते. घोडा गवत जमिनीलगत कुरतडून खातो. वाळूत रुजलेले आखूड गवत तो मुळासकट उपटतो आणि प्रत्येक घासाबरोबर वाळू पोटात जाऊन मोठ्या आतड्याच्या तळाशी साचत राहते. याची परीक्षा अगदी सोपी आहे. लिदीचे चार-पाच ताजे गोळे, जमिनीला टेकलेला भाग वगळून, काचेच्या बरणीत पाणी घेऊन त्यात कालवावेत आणि बरणी अर्धा तास स्थिर ठेवावी. तंतू वर तरंगतात, आणि पोटात वाळू असेल तर ती बुडाशी तपकिरी पट्ट्यासारखी बसते. असा पट्टा दिसला की घोडा काठावरून हलवून पोटभर लांब वैरणीवर आणावा आणि पशुवैद्याला दाखवावा.

पोटानंतर बंधनाचा विचार येतो. आगाडी-पिछाडी हा पागेतला शब्द आहे: तोंडाच्या म्होरकीला दोन बाजूंनी दोन दोर बांधून ते पुढच्या मेखांना ताणायचे ही आगाडी, आणि मागच्या पायांत फासे अडकवून त्यांचा दोर मागच्या मेखेला ताणायचा ही पिछाडी. शेकडो घोड्यांच्या छावणीत एकाने दुसऱ्याला लाथ मारू नये यासाठी ही व्यवस्था रात्रीपुरती उपयोगाची होती. आज एकट्या घोड्याला घराच्या परसात तशाच रीतीने बारा महिने बांधलेले आढळते, आणि त्याला मागे वळून माशी हाकलता येत नाही, पाय पसरून आडवे होता येत नाही, की एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. घोडा उभ्याने झोपतो असे सर्रास सांगितले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे: गुडघ्याचा सांधा अडकवून धरणाऱ्या स्नायुबंधांच्या रचनेमुळे तो उभ्याने डुलकी काढू शकतो, पण ज्या झोपेत मेंदूला खरी विश्रांती मिळते ती गाढ झोप त्याला अंग टाकल्याशिवाय येत नाही. ही झोप रोज अर्धा ते एक तास पुरेशी असते, परंतु तीही अनेक दिवस मिळाली नाही तर घोडा उभ्या उभ्या पेंगून एकाएकी गुडघ्यांवर कोसळतो. ज्या ठाणावरच्या घोड्याच्या पुढच्या पायांच्या सांध्यांवर, नेमक्या समोरच्या बाजूला, जुन्या जखमांचे व्रण दिसतात तेथे हे कारण आधी तपासावे.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील अकराव्या कलमाने कोणतेही जनावर अवाजवी आखूड किंवा जड दोराने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा अपराध ठरवला आहे, आणि १९६५ च्या नियमांनी ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठी काटेरी लगामही निषिद्ध केला आहे. त्याही फार आधी कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात अश्वशाळेचे जे वर्णन येते ते आजच्या वाचकाला थक्क करणारे आहे: शाळेची रुंदी घोड्याच्या लांबीच्या दुप्पट असावी, चारी दिशांना दारे असावीत, वैरणीची आणि लीद-मूत बाहेर काढण्याची सोय असावी, आणि मधल्या जागेत घोड्यांना लोळण घेता यावी. लोळण घेणे ही घोड्याची गंमत नसून त्याची गरज आहे. खोगिराखाली घामेजलेली पाठ तो मातीत घासतो, सुटू लागलेले जुने केस झाडतो, माशांपासून वाचण्यासाठी धुळीचा थर अंगावर घेतो, आणि मग उठून मुंडीपासून शेपटीपर्यंत सारे अंग असे हादरवतो की धुळीचा ढग उठतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्यव्यवहाराच्या ग्रंथाने ज्या सुखासाठी जागा राखून ठेवली, ते सुख आज कित्येक नामांकित, किमती घोड्यांच्या वाट्याला महिनोन्‌महिने येत नाही.

घोडा कळपाचा प्राणी आहे. एक झोपला तर दुसरा उभा राहतो, दोघे समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या आयाळीच्या बुडाशी दातांनी खाजवतात, आणि त्या जागी खाजवले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात हे फ्रान्समध्ये कामार्ग घोड्यांवर झालेल्या अभ्यासातून दिसून आले आहे. जुना मोतद्दार खराऱ्याने मालिश करताना याच जागी जास्त रेंगाळत असे. अंगाचा मळ काढणे हे त्याचे काम होतेच, पण त्या अर्ध्या तासात तो घोड्याचा सोबतीही असे. एकट्या ठेवलेल्या घोड्याला दावणीचे लाकूड दातांत धरून हवा गिळण्याची, किंवा एका पायावरून दुसऱ्या पायावर सतत झुलत राहण्याची सवय जडते. घोडेबाजारात या सवयींना ऐब किंवा खोड म्हणतात, किंमत पाडतात आणि हवा गिळणाऱ्याच्या गळ्याला पट्टा आवळतात. पट्टा आवळल्याने सवय दिसेनाशी होते, पण जठराची जळजळ आणि एकटेपणा तसाच राहतो. दुसरा घोडा परवडत नसेल तर गाढव किंवा शेळीचीही सोबत चालते, आणि गावातल्या दोन घोडेवाल्यांनी दुपारी आपापली जनावरे एकाच आवारात सोडली तर त्याला काहीच खर्च येत नाही.

माळेगाव किंवा सारंगखेड्याच्या बाजारात घोडा पारखताना केसांचे भोवरे पाहिले जातात, देवमणी म्हणजे गळ्यावरचा शुभ भोवरा आहे का, पंचकल्याणी म्हणजे चारी पाय आणि कपाळ पांढरे आहेत का, उंची किती इंच आहे, मारवाडी किंवा काठेवाडी कानांची टोके एकमेकांना भिडतात का हे पाहिले जाते. दात पाहून वय ताडले जाते. या परीक्षेची परंपरा शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्यापासून आलेली आहे आणि तिचा अनादर करण्याचे कारण नाही. खंत एवढीच की पाय उचलून खुराचा तळवा पाहणारा गिऱ्हाईक त्यामानाने विरळा असतो.

खुराचे कवच आपल्या नखासारख्याच द्रव्याचे असते, महिन्याला सेंटिमीटरभराहून थोडे कमी वाढते आणि वरून निघालेला भाग जमिनीला टेकेपर्यंत जवळजवळ वर्ष लागते. तळव्यात टाचेकडून पुढे निमुळता होत जाणारा, रबरासारखा लवचीक त्रिकोणी भाग असतो. पाऊल टेकले की तो दबतो, टाच किंचित फाकते, धक्का शोषला जातो आणि पायातले रक्त वर ढकलले जाण्यास मदत होते. म्हणजे चालणे ही खुराची स्वतःची निगा आहे. अमेरिकेतील नालबंद जेमी जॅक्सन यांनी १९८० च्या दशकात तेथील ग्रेट बेसिन या रुक्ष, खडकाळ प्रदेशातील रानटी घोड्यांचे खूर अभ्यासले, तेव्हा कधीही नाल न ठोकलेले ते खूर आखूड, गोलसर कडांचे आणि कणखर असल्याचे त्यांना आढळले. १९९२ मध्ये त्यांनी या निरीक्षणांवर पुस्तक लिहिले आणि बिननालीच्या घोड्याचा पुरस्कार करणारी चळवळ त्यातून वाढली. ग्रीक लेखक झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच, नालेचा प्रसार होण्याच्या कितीतरी आधी, तबेल्याच्या अंगणात मुठीएवढ्या गोल गोट्यांचा थर पसरून घोड्याला त्यावर उभे करावे म्हणजे खूर टणक होतात, असे लिहून ठेवले आहे.

गोदावरीकाठी गोटे आणि मुरूम यांची वाण नाही; अडचण आहे ती काळ्या मातीची. पावसाळ्यात ती खुराच्या फटींत गच्च बसते, लीद आणि मूत्र यांच्यात कालवली जाते आणि तळव्याच्या त्रिकोणाच्या दोन्ही बाजूंच्या खाचांतून काळसर, उग्र वासाचा स्राव येऊ लागतो. पाण्याच्या हौदाभोवती आणि वैरणीच्या जागी वीतभर मुरूम टाकला, आणि रोज सकाळ-संध्याकाळ बोथट अणीच्या आकड्याने टाचेकडून पुढे खूर साफ केला, तर हा रोग बहुतेक वेळा होतच नाही. आकडा खाचेच्या कडेने फिरवताना मातीचा घट्ट लगदा सुटून पडतो, खाली निरोगी तळवा दिसतो तो करड्या, कोरड्या चामड्यासारखा, आणि घोडा पाय ओढून घेण्याचे थांबवतो. सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटून कडा गोल कराव्यात. नाल मुळीच नको हा आग्रह मात्र सगळीकडे चालणारा नाही: डांबरी रस्त्यावर रोज मैलोगणती धावणाऱ्या टांग्याच्या घोड्याचा खूर वाढीपेक्षा लवकर झिजतो, आणि त्याला जाणत्या नालबंदाने ठोकलेली नाल संरक्षण देते. वरातीच्या आणि हौसेच्या घोड्याला बहुधा तिची गरज नसते. नाल काढल्यावर मात्र तळवा कणखर होईपर्यंत काही महिने मऊ जमिनीवर धीराने काढावे लागतात.

निसर्गानुकूल पद्धतीचे सर्वांत जवळचे उदाहरण पाहायचे असेल तर परदेशात जाण्याची गरज नाही. मेंढ्यांमागे फिरणारे धनगर आपला संसार ज्या बुटक्या, काटक तट्टांवर लादून नेतात, त्यांपैकी भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी जातीला पशुवंशांची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने अलीकडे स्वतंत्र देशी वंश म्हणून नोंदवले आहे. मराठ्यांच्या घोडदळाचा कणा ठरलेल्या या तट्टांचा दिवस आजही मेंढ्यांच्या चालीने जातो: पहाटे वाडा म्हणजे धनगरांचा तळ हलतो, तट्टे चालता चालता बांधावरचे गवत ओरबाडतात, दुपारी झाडाखाली थांबतात, संध्याकाळी ओझे उतरले की मातीत लोळतात आणि रात्री एकमेकांच्या सोबतीने राहतात. दाणा त्यांना क्वचितच दिसतो. त्यांचेही कष्ट आहेत, ओझ्याच्या रगड्याने पाठ लागते, आणि १९६५ च्या नियमांनी तट्टाच्या ओझ्याची मर्यादा ७० किलो ठरवली आहे ती नेहमीच पाळली जाते असे नाही. परंतु पोट, पाय आणि सोबत या तीन बाबतींत धनगराचे तट्टू लाखोंच्या किमतीच्या ठाणबंद घोड्यापेक्षा सुखी आहे, हे निःसंकोच म्हणता येते.

हेच फिरणे थोड्या जागेत घडवण्याची एक युक्ती जॅक्सन यांनीच पुढे सुचवली. संपूर्ण आवार मोकळे सोडण्याऐवजी कुंपणाच्या आतून दहा-बारा फुटांवर दुसरे कुंपण घालून कडेने फिरती वाट तयार करायची, आणि पाणी एका कोपऱ्यात, मीठ दुसऱ्या, वैरणीच्या जाळ्या तिसऱ्या-चौथ्या ठिकाणी टांगायच्या, म्हणजे घोडा एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे आपोआप चालत राहतो. अर्ध्या एकराच्या मळ्यात बांधाच्या कडेने बांबू आणि दोर लावून ही वाट सहज आखता येते, आणि मधल्या भागात मारवेलसारखे गवत राखता येते. वाटेचा एक तुकडा मुरमाचा, एक गोट्यांचा आणि एक मऊ मातीचा, लोळण्यासाठी, असा ठेवावा. काटेरी तार वापरू नये. घाबरलेला घोडा तीत अडकला तर पायाची त्वचा सोलून निघते.

उन्हाळ्याचा प्रश्न या भागात सर्वांत बिकट आहे. घोड्याला साधारण पंचविसाच्या आतले तापमान मानवते, आणि येथे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशीपार जातो; १९६५ च्या नियमांनुसार ३७ अंशांवर तापमान गेले असता दुपारी बारा ते तीन या वेळात ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावराला कामाला लावता येत नाही. पत्र्याच्या शेडपेक्षा चिंच किंवा कडुनिंबाची सावली कितीतरी सुखाची, कारण पत्रा वरून तापतो आणि खाली लिदीतला अमोनिया कोंडतो. काम न करणाऱ्या घोड्यालाही दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागते, घाम गाळणाऱ्याला त्याच्या दुप्पट. तापून आलेल्या घोड्याला पाणी दाखवू नये हा समज त्याच्या जिवावर बेतू शकतो. त्याला थोडे थोडे, पण लगेच प्यायला द्यावे, अंगावर गार पाणी ओतत राहावे आणि हळूहळू चालवावे. पावसाळ्यात काठावरच्या गोमाश्या सर्रा नावाचा रक्तातील परजीवीचा ताप पसरवतात, म्हणून अधूनमधून ताप येणाऱ्या, पायांवर सूज दिसणाऱ्या घोड्याचे रक्त तपासून घेणे इष्ट. निसर्गानुकूल पाळणे म्हणजे वैद्याला रजा देणे असा अर्थ कोणी घेऊ नये. धनुर्वाताची लस, जंतांचे औषध आणि दातांची तपासणी ही या पद्धतीची अंगेच आहेत.

यात्रेतून नवा घोडा आणला जातो तेव्हा या साऱ्याची कसोटी लागते. ग्लँडर्स हा माणसालाही होऊ शकणारा संसर्ग असल्याने त्याच्या तपासणीचा दाखला पाहिल्याशिवाय सौदा करू नये, आणि घरच्या जनावरांपासून नव्याला दोन-तीन आठवडे वेगळे पण त्यांच्या नजरेच्या टप्प्यात ठेवावे. माळेगावहून बासरपर्यंतच्या टेंपोच्या प्रवासात घोडा सतत तोल सावरत असतो. मध्ये थांबून त्याला पाणी दाखवावे आणि मान खाली घालू द्यावी, म्हणजे श्वासनलिकेत बसलेली धूळ बाहेर पडते. यात्रेतल्या मालकाकडून पाच-सहा दिवसांची त्याची जुनी वैरण मागून घ्यावी आणि नव्या कडब्यात ती रोज थोडी कमी करत दोन आठवड्यांत संपवावी, कारण उंडुकातल्या जिवाणूंना नवे खाणे ओळखीचे व्हायला तेवढा वेळ लागतो. पहिल्या संध्याकाळी खोगीर, झूल आणि गोंडे उतरवून, पिछाडी न बांधता, मऊ मातीच्या तुकड्यावर त्याला लांब दोराने सोडावे. घोडा आधी कान टवकारून चहूकडे पाहतो, जमीन हुंगत एक फेरी मारतो, पुढच्या पायाने माती उकरतो, मग गुडघे मोडून खाली बसतो आणि पाठीवर वळतो.